चाराच्या तीन गोळ्या

विठ्ठलवाडीच्या त्या गल्ल्यांमध्ये तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ती सगळ्यांची 'टीबीवाल्या ताई'. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत बेडक्याचे नमुने घ्यायच्या झाकणाच्या डब्या, गोळ्यांची पाकिटं, एक वजनकाटा आणि रबराने बांधलेली उपचारपत्रिकांची चळत. आता सगळी नोंद मोबाइलवर टीबीच्या सरकारी नोंदणीत, 'निक्षय'मध्ये करावी लागते, तरी तिने कागद सोडलेला नाही. सतरा वर्षं ती दारोदार एकच वाक्य सांगत आली आहे: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या.

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेला लागली की पहिलंच स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्वेची वस्ती, म्हणजे काटेमानिवली, खडेगोळवली, कोळसेवाडी. दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. जवळून वालधुनी वाहते. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर जिच्या काठावर उभं आहे तीच ही नदी, पण इथवर येईतो तिच्या पाण्याकडे बघवत नाही. गल्लीच्या तोंडाशी ग्रिल आणि गेट बनवणाऱ्याच्या वेल्डिंगच्या ठिणग्या, आतल्या गाळ्यात जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर, सकाळी एस. टी. आगाराच्या बाजूने येणारा डिझेलचा वास. दहा बाय बाराच्या खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. इथे खोकल्याला कुणी दचकत नाही. भांड्यांच्या आवाजासारखा तो घरातलाच एक आवाज.

टीबीचं नाव काढलं की ताट-वाटी वेगळी करणारी घरं तिने पाहिली होती. 'हवापालट' म्हणून माहेरी धाडलेली आणि परत न आणलेली सून पाहिली होती. म्हणून तिच्या त्या वाक्याला पुढे शेपूट जोडलेलं असे: घाबरू नका, टीबी पूर्ण बरा होतो, फक्त सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. हे सांगून सांगून तिने कितीतरी घरांतली भीती घालवली. वाक्य खरंच होतं. पण त्याच वाक्याच्या आड एका घरात दुसरा आजार चार महिने लपून राहिला, आणि ती ते विसरू शकलेली नाही.

२०१९ चा पावसाळा. चाळीत डबे करून देणाऱ्या एक मावशी होत्या, वय ५३. रोजचे बावीस डबे; भाकरी स्वतःच्या हाताने, पोळ्यांना मदतीला एक मुलगी. जुलैत खोकला लागला, ऑगस्टमध्ये जिना चढताना दम लागायला लागला. छातीचा फोटो काढला तर डाव्या बाजूला पाणी. सुईने ते काढलं, जरा लालसर निघालं. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत. पण छातीत पाणी म्हणजे टीबी, हे गणित या भागात डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघतं. गोळ्या सुरू झाल्या. टीबीच्या एकत्रित गोळ्या वजनाच्या गटावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. मावशींचं वजन ५२. रोज चार गोळ्या.

रिफाम्पिसिन पोटात गेलं की लघवी नारिंगी होते. घाबरू नये म्हणून ताई हे आधीच सांगून ठेवते. मावशींनी ते भलत्याच अर्थाने घेतलं. "ताई, औषध लागू पडतंय बघा, रंग दिसतोय," असं त्या दारातूनच सांगायच्या. खोकला मात्र होता तिथेच होता.

दोन महिन्यांनी ताईने काटा जमिनीवर ठेवला. ४६. तिने पत्रिका काढली, गट खाली आला होता, चाराच्या तीन गोळ्या केल्या, तारीख घातली, सही केली आणि पुढच्या दाराकडे वळली. हिशेब अचूक होता. नियमाप्रमाणे होता.

टीबीच्या गोळ्या लागू पडल्या की वजन चढतं. भूक परत येते, ताप जातो, महिन्या-दोन महिन्यांत अंगावरचा झगा घट्ट व्हायला लागतो. हे तिच्याइतकं त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध नेमाने घेणाऱ्या बाईचं वजन सहा किलोंनी उतरतं याचे बहुधा दोनच अर्थ: आपण ज्याच्यावर औषध देतोय तो आजार हा नव्हे, किंवा हे औषध त्याला पुरेसं नव्हे. सही करताना तिच्या मनात हे आलं नाही. वाईट बाई म्हणून नव्हे, आळशी म्हणूनही नव्हे. रकान्यात आकडा मागितला होता, तिने आकडा भरला.

दिवाळीच्या सुमारास मावशींचा आवाज बसला. फराळाच्या तळणीने, असं त्यांनीच ठरवलं. ताईने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. आवाज उघडला नाही. शेवटी बदलापूरला दिलेली मुलगी भाऊबीजेला आली, तिने आईचा हात धरून पाहिला आणि त्याच आठवड्यात सीटी स्कॅन करून घेतला. डाव्या फुफ्फुसात गाठ होती, छातीच्या मध्यभागी गाठींचा झुपका होता.

"टाटाला नेतोय," मुलगी फोनवर म्हणाली. आपल्याकडे एवढं म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. मराठी घरांनी तेव्हापासून आजाराचं नाव टाळायला हॉस्पिटलचं नाव वापरलं आहे. 'टाटाला दाखवलंय', 'मोठा आजार आहे', 'रिपोर्ट चांगला नाही.' आजाराचं नाव तोंडातच येत नाही, तर त्याची लक्षणं चार बायकांत कुठून बोलली जाणार!

आवाजाचं कोडं परळला सुटलं. मुलीने ते ताईला जसं ऐकलं तसं सांगितलं, आणि ताई आज ते शेकडो बायकांना सांगते. डाव्या स्वरयंत्राची नस डोक्याकडून सरळ गळ्यात येऊन थांबत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि मग परत वर गळ्याकडे जाते. त्या वळणापाशी गाठ आली की नस दबते आणि आवाज जातो. घसा ठीक असतो. बिघाड खाली छातीत असतो. फुफ्फुसाचा आणखी एक विचित्रपणा तिला तेव्हा कळला. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. दुखणं कळतं ते बाहेरच्या बरगड्यांलगतच्या आवरणाला. गाठ आतच वाढत असेल तर माणूस डबे करत राहतो, लोकलचे जिने चढत राहतो. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा. या आजारापुढे त्याचा काही उपयोग नाही.

गाठीचा तुकडा तपासला. निदान ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरचं, आणि त्यात ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा बदल बरेचदा भेटतो, आणि त्याच्यावर रोज घ्यायची गोळी आहे, गेफिटिनिब. नेमक्या त्याच वर्षी टाटाच्या डॉक्टरांनी आपल्या ३५० रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल जगापुढे मांडला होता: नुसत्या गेफिटिनिबवर आजार सरासरी ८ महिने थोपून राहतो, सोबत केमो दिली तर १६ महिने. मावशींना सुरुवातीला नुसती गोळीच देता आली, अंगात केमोपुरती ताकद उरली नव्हती. तरी गोळीने जादू केल्यासारखं झालं. संक्रांतीपर्यंत आवाज थोडा उघडला, होळीला त्यांनी पुरणाच्या पोळ्या लाटल्या, नंतर आठ डबे पुन्हा सुरू झाले. त्या २६ महिने जगल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ताई स्वतः ती कुणापासून लपवत नाही. छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी उतरलेल्या असतील तर आजार तेव्हाच चौथ्या टप्प्यात गेलेला असतो. म्हणजे ऑगस्टमध्ये निदान झालं असतं तरी मावशी पूर्ण बऱ्या झाल्या असत्या असं नाही. पण ऑगस्टमध्ये ५२ किलोची बाई परळला गेली असती. नोव्हेंबरात गेली ती ४३ किलोची होती. ५२ किलोच्या बाईला केमो सोसली असती. त्या नऊ किलोंचं ओझं ताई अजून वागवते.

मावशींच्या दहाव्याला चाळीत कुजबुज होती ती वेगळीच. "पण त्या तर काही ओढत नव्हत्या." कुणी आठवून आठवून सांगितलं की गावी असताना मिश्री लावायच्या. कुणाला नवऱ्याची बिडी आठवली. जणू कुठेतरी चूक सापडलीच पाहिजे, नाहीतर मरण हिशेबात बसत नाही. मुलीने ताईला नंतर सांगितलं, आई गेल्याचं दुःख एक आणि दर माणसाने विचारलेल्या या प्रश्नाचं दुःख एक.

एका माणसाला हा आजार नेमका कशाने झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. मावशींनी पंचवीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर, खिडकी नसलेल्या खोलीत रांधलं. नवरा घरात बिडी ओढायचा. बाहेर वेल्डिंग आणि डिझेल. यातलं काही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली, बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली आणि वेल्डिंगचा धूर २०१७ साली माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर त्या गटात आधीपासून बसलेले आहेत. टाटामध्ये तपासलेल्या ४८९ फुफ्फुस कॅन्सर रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यातले ५२ टक्के कधीच धूम्रपान न केलेले होते. हा आजार ओढणाऱ्यांचाच, हे परदेशी पुस्तकांत वाचलेलं चित्र इथे अर्धंच खरं ठरतं.

याचा अर्थ बिडी-सिगारेट निर्दोष सुटली असा कुणी घेऊ नये. लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांना त्यांच्या सवयी विचारून रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली जो धागा पकडला, तो आजवर कुणाला तोडता आलेला नाही. डॉल स्वतः सिगारेट ओढत, त्या अभ्यासामुळे त्यांनी ती सोडली. ओढणाऱ्या माणसाचा धोका न ओढणाऱ्याच्या कितीतरी पट असतो. फक्त आपल्याकडे ओढणारे थोडे आणि न ओढणारे पुष्कळ. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी १.४ टक्के धूम्रपान करणाऱ्या निघाल्या, आणि बिनधुराची तंबाखू, म्हणजे मिश्री, मळलेली तंबाखू वगैरे वापरणाऱ्या १६.६ टक्के. मिश्रीने तोंडाचं वाटोळं होतं, त्याबद्दल ताई वेगळं बोलते. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पोस्टरवर नुसती सिगारेट काढली की उरलेल्या बायका त्या पोस्टरसमोरून निर्धास्त निघून जातात.

हे तिने डोळ्यांनी पाहिलं. एका गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी हौसेने बॅनर लावला होता: जळती सिगारेट, काळं पडलेलं फुफ्फुस, खाली लाल अक्षरं. ताई शेजारी टेबल मांडून बसली होती. तीन संध्याकाळी मिळून टेबलाशी बायका आल्या त्या आरतीची वेळ विचारायला. एक आजी चित्राकडे बघून म्हणाल्या, "पुरुषांचं आहे ते." चौथ्या दिवशी ताईने पोरांना विचारून बॅनर उतरवला आणि खडूने फळ्यावर लिहिलं: 'खोकला जात नाही? आवाज बसलाय? वजन उतरतंय? या, बसा.' त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. सिनेमागृहात मुकेश हराणे या तरुणाची जाहिरात लागायची, ती सगळ्यांना आठवते. गुटख्याने तोंडाचा कॅन्सर होऊन गेलेला आपल्याच राज्यातला पोरगा. त्या एका चेहऱ्याने महाराष्ट्राला तोंडाचा कॅन्सर ओळखायला शिकवलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरला असा डबे करणाऱ्या बाईचा चेहरा अजून मिळालेला नाही.

मावशींनंतर ताईपुढचा खरा पेच वेगळाच होता, आणि तो बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. तिच्याकडे येणाऱ्या खोकल्यांत टीबीच जास्त. अशा माणसाला पहिल्याच दिवशी 'कॅन्सरही असू शकतो' असं सांगितलं तर काय होतं? एकदा तिने सांगून पाहिलं. तो पंचविशीतला मुलगा, बेडक्यात जंतू सापडलेले, टीबीबद्दल शंकाच नव्हती. ताईने काळजीपोटी नको तेवढं सांगितलं. मुलाने गोळ्या बंद केल्या आणि कुणीतरी सांगितलेल्या काढ्याच्या मागे लागला; परत आणायला दीड महिना गेला. भीती घातली की माणूस पळतो. दिलासा दिला की झोपतो. दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं.

ते तिला सापडलं त्याच वजनकाट्यावर. आता ती औषध सुरू करताना आजाराच्या नावाइतकाच वजनाचा आकडा मोठ्याने सांगते, घरातल्या दोघांना ऐकवते आणि म्हणते, "एक महिन्याने मी परत काटा घेऊन येणार. तोवर आकडा वर गेला पाहिजे. नाही गेला तर आपण डॉक्टरांना पुन्हा बघायला लावायचं." कॅन्सर हा शब्द यात कुठेच नाही. पण घरच्यांना एक खूण मिळते, तारीख मिळते, आणि डॉक्टरांसमोर पुन्हा उभं राहण्याचा हक्क मिळतो. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. आपल्याकडे माणूस डॉक्टरांना 'बरं वाटत नाही' एवढं सांगायलाही लाजतो. औषध बदलून मागणं म्हणजे त्यांचा अपमान वाटतो. ताई बायकांकडून वाक्य घोकून घेते: 'डॉक्टर, महिना झाला, वजन इतकं होतं, आता इतकं आहे. सीटी करावा लागेल का?' आकडे समोर ठेवले की डॉक्टरही रागावत नाहीत, असा तिचा अनुभव. छातीतून पाणी काढलं असेल तर आणखी एक वाक्य: 'या पाण्यात पेशी तपासल्या का?'

पत्रिकेच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने एक तारीख लिहिते, पुढे दोन अक्षरं: 'पु. ब.' पुन्हा बघणे. मोबाइलमधल्या नोंदीत याला रकाना नाही.

सगळीकडे ती जिंकली असं नाही. वेल्डिंगचं दुकान चालवणारे एक काका होते, चाळीस वर्षांची बिडी. बिडी सारखी विझते म्हणून जोरजोरात ओढावी लागते. तेंडूच्या पानात तंबाखू थोडी म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, ही समजूत निव्वळ चुकीची आहे. काकांचा सीटी वेळेत झाला, गाठ दिसली, एकाच बाजूला होती. सुई घालून तुकडा काढायचं ठरलं आणि तिथे गाडी अडली. "सुई टोचली की पसरतं. आमच्या साडूचं तसंच झालं." ताई तीनदा गेली. समजावलं की तुकडा काढल्याशिवाय कुठला कॅन्सर ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. साडूंचं पसरलं ते आधीच पसरलेलं होतं, सुईने फक्त दाखवलं. काका ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे. मग एक दिवस दुकानाला कुलूप. गावी गेले, तिथेच गेले.

त्यांच्या मुलाने पुढच्या वर्षी दुकान उघडलं तेव्हा ताई पहिल्यांदा मास्क आणि एक्झॉस्ट पंख्याबद्दल बोलली. पंखा लागला आहे. मास्क गळ्यात असतो.

बायकांमध्ये बोलायला जागा शोधणं हीसुद्धा एक कलाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने विषय काढला तर यजमानीण कानात म्हणाली, "आज नको गं, सवाष्णींत हे नाव." ताईला राग आला नाही, तिलाही आतून ते पटलं. मग तिने भिशी धरली. महिन्याचा रविवार, वीस-बावीस बायका, पैसे मोजून झाले की चहाला अर्धा तास. तिथे ती आधी नखांचा खेळ घेते. दोन्ही हातांची एकाच नावाची बोटं घ्यायची, नखं नखांना पाठमोरी चिकटवायची आणि मधून उजेडाकडे बघायचं. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी चौकट दिसते. ती बुजली असेल, बोटांची टोकं ढोलकीच्या काडीसारखी फुगली असतील, तर छातीचा किंवा हृदयाचा कुठलातरी जुना आजार असू शकतो, दाखवून घ्यायचं. लिओ शॅमरॉथ हे दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ. ही खूण त्यांनी स्वतःच्याच बोटांवर टिपली आणि १९७६ साली लिहून ठेवली. ताई बजावून सांगते, यावरून कॅन्सर ठरत नाही, आणि चौकट दिसली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. पण बायका घरी जाऊन नवऱ्याची, सासऱ्याची नखं जुळवून बघतात, आणि त्या निमित्ताने वर्षानुवर्षांच्या खोकल्याकडे घरातलं कुणीतरी पहिल्यांदा लक्ष देतं.

हमखास येणारा प्रश्न: "मग आम्ही सगळ्यांनी एकदा फोटो काढून घेऊ का?" इथे तिला नाही म्हणावं लागतं. नुसता साधा छातीचा फोटो दरवर्षी काढून या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. कमी मात्रेच्या सीटीने होतात: अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त सिगारेटबहाद्दरांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०११ साली आला, फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण ती माणसं ५५ ते ७४ वयाची आणि अनेक वर्षं रोज पाकीटभर ओढलेली होती. विठ्ठलवाडीत सरसकट सगळ्यांचा सीटी काढला तर जुन्या टीबीचे डाग आणि गाठीच इतक्या दिसतील की निम्मी चाळ सुयांच्या रांगेत उभी राहील. म्हणून खूप वर्षं ओढणाऱ्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाकीच्यांनी लक्षणं सांभाळावीत.

रिक्षा स्टँडवर तिची भाषा वेगळी होते. तिथे ती आजार सांगत नाही, वर्षं मोजते. ब्रिटिश डॉक्टरांच्या एका मोठ्या गटाच्या सवयी आणि मृत्यू ५० वर्षं नोंदवले गेले, त्याचा निकाल २००४ साली आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी १० वर्षं आधी जातो. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी वर्षं परत मिळतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, साठीत सोडली तरी ३. "दादा, तुमचं वय काय? पन्नास? सहा वर्षं म्हणजे नातीचं बालवाडी ते पाचवी." हे लागतं. सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, टपरीवर ती मिळतेच. ताई टपरीवाल्याशी भांडत बसत नाही. ती पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर दाखवते आणि तिथेच, तिच्यासमोर, एकदा लावायला लावते. सात-आठ जणांनी सोडली आहे. दोघांनी पुन्हा धरली.

पैशाचा विषय ती आधीच काढते, कारण घरं तिथेच थबकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार येतात, कॅन्सरही येतो. पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर खिडकीवर दिवस जातो. म्हणून संशय आला की रिपोर्टच्या आधी ती कागद बघते. मावशींच्या मुलीला परळच्या पहिल्या फेरीत हाच फटका बसला होता. ती मुलगी आता दर भाऊबीजेला आली की ताईबरोबर एक संध्याकाळ फिरते. आईचं नाव घेऊन बोलते, आजाराचंही नाव घेते. 'टाटाला नेलं' असं म्हणत नाही.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. ताई संध्याकाळी घरी, कुकर लावलेला. पत्रिकांची चळत चाळताना एका कोपऱ्यातली पेन्सिलची तारीख तिला दिसली, आदल्या दिवशीची. जीन्सच्या गाळ्यावर धागे कापणारी बाई, बेडक्यात काही नाही, फोटोत डाग, गोळ्या सुरू होऊन महिना झालेला. तिने फोन लावला. पलीकडून सुनेने उचलला.

"आईंचं वजन केलंत का?"

"केलं ना, खालच्या मेडिकलमध्ये. त्रेचाळीस आलं."

ताईने पत्रिकेवरचा आकडा पाहिला. ४५.

"गोळ्या चुकल्यात का?"

"एकही नाही ताई. मीच देते."

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. ताईने गॅस बंद केला, काटा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.